‘आजीला आठव,’ म्हणालो आणि तो रडला

(पत्रलेखक, मूल आणि गाव यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारा २१ वर्षांचा आहे, पुण्यात नाट्यशास्त्र शिकतो. साप चावल्यावर काय करायचं, काय नाही, हे शाळांमधून दाखवण्यासाठी एक संस्था बारा मिनिटांचा व्हिडिओ करत होती. त्यात मुलांना समजावून सांगणाऱ्या ‘दादा’चं काम त्याला मिळालं. शूट कोकणातल्या एका वाडीवर, चार दिवसांचं. बरोबर तिथल्याच शाळेतली सहा मुलं.

त्यातल्या आठ वर्षांच्या एका मुलाशी त्याची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. मुलाने शूटिंगपुरता आपला भोवरा त्याच्याकडे सांभाळायला दिला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी नेऊन आंबोळ्या खायला घातल्या. तिथे मुलानेच सांगितलं, की मागच्या पावसाळ्यात आजी मांगरातून (सामान ठेवायच्या खोपटातून) शेणी काढायला गेली, तिला साप चावला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. रात्री जेवताना ही गोष्ट पत्रलेखकाने युनिटमध्ये सांगितली.

तिसऱ्या दिवशीचा शॉट असा होता: जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मुलाला रात्री साप चावतो आणि तो रडत-ओरडत उठतो. सात टेक झाले तरी मुलाला रडू येईना. दिग्दर्शकांनी पत्रलेखकाला बाजूला घेतलं. ‘तुझं ऐकतो तो. आजीची आठवण करून दे.’ तो गेला आणि मुलाच्या कानात म्हणाला, ‘आजीला काय झालं होतं, आठव.’ मुलाचा बांध फुटला. कॅमेरा चालूच होता. कट झाल्यावर युनिटने टाळ्या वाजवल्या. मुलाला शांत व्हायला बराच वेळ लागला, आणि पॅक-अप होईपर्यंत तो पत्रलेखकाशी एक शब्दही बोलला नाही. भोवरा अजून पत्रलेखकाच्या बॅगेत आहे.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. व्हिडिओचं एडिटिंग चालू आहे. तो विचारतो: ताई, माझं चुकलं का, की मी उगाच मनाला लावून घेतोय? अभिनेत्याने स्वतःच्या आठवणी वापराव्यात असं आमचे सर शिकवतात, मग मुलाने वापरल्या तर काय बिघडलं? या व्हिडिओने कुणाचा तरी जीव वाचेल. आणि तो लहान आहे, विसरेल ना? पुढच्या महिन्यात याच दिग्दर्शकांचं पाण्यातल्या सुरक्षिततेवरचं काम आहे, पुन्हा मुलांबरोबर. ते घेऊ का?

*

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना एका जागी थांबले. तू लिहिलंयस, ‘सांगितलं तेवढंच मी केलं.’ आणि लगेच खाली, ‘पण आवाज माझा होता.’ हे खालचं वाक्य तुला कुणी शिकवलेलं नाही, ते तुझं तुलाच सुचलं. म्हणून तुझ्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

हो, चूक झाली. दिग्दर्शकांची मोठी, कारण सेटवर शब्द त्यांचा चालतो. पण तुझीही झाली. हेच वाक्य त्यांचा असिस्टंट जाऊन बोलला असता, तर मुलाला नुसतं वाईट वाटलं असतं. तू बोललास, म्हणून त्याने विश्वासाचा माणूस गमावला. तुलाच का पाठवलं, हे पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक सांगते, ते कडू लागेल. कानात बोललेल्या त्या वाक्याबद्दल तू पानभर लिहिलंयस. आदल्या रात्री जेवताना तू त्याच्या आजीची गोष्ट सगळ्यांना सांगितलीस, त्याबद्दल मात्र अर्धी ओळ. माझ्या मते घसरण तिथे सुरू झाली. मुलाने ते आपल्या घरात, चुलीपाशी, तू आंबोळी खात असताना सांगितलं होतं. पाहुण्याला सांगतात तसं. तू काही वाईट हेतूने बोलला नाहीस, हळहळलास म्हणून बोललास, हे मला कळतं. पण एकदा ती गोष्ट पंगतीत आली आणि तिची ‘माहिती’ झाली. दुसऱ्या दिवशी अडलेल्या शॉटला तीच माहिती सापडली. मुलांबरोबर काम करणाऱ्याला जपायला हवी ती ही जागा, आणि ती कॅमेऱ्यापासून खूप लांब असते.

आता सरांच्या शिकवणीकडे येऊ. तुझ्या मनातला खरा गुंता तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी करून भूमिकेत उतरायचं, हे रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींच्या सुरुवातीच्या कामातून आलं. पुढे अमेरिकेत अभिनयाचे शिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी त्यावर अख्खी तालीमपद्धत उभी केली. पण ते स्ट्रासबर्गसुद्धा विद्यार्थ्यांना बजावायचे, की निवडायची ती आठवण निदान सात वर्षं जुनी असू दे. ताज्या जखमेला हात लावला की माणूस अभिनय करत नाही, नुसता कळवळतो. आता तुझ्या मित्राचं वय बघ. आठ वर्षं. सात वर्षांपूर्वी तो रांगत असेल. आणि आजीला जाऊन एक पावसाळासुद्धा उलटलेला नाही. ज्या पद्धतीचा तू आधार घेतोयस, तिच्याच नियमाने त्या मुलाजवळ वापरण्याजोगी एकही आठवण नव्हती.

त्याहून मोठा फरक निवडीचा आहे. तू वर्गात डोळे मिटून आठवण शोधतोस, तेव्हा कुठली घ्यायची हे तू ठरवतोस, नको वाटली तर सोडतोस, आणि तास संपल्यावर परत कसं यायचं याचा सराव तुला असतो. मुलाने यातलं काही केलं नाही. ती आठवण तू त्याच्यासाठी निवडलीस आणि आत सोडलीस. बाहेर यायची वाट त्याला कुणी दाखवली नव्हती, म्हणून तर कट म्हटल्यावरही त्याचं रडणं थांबलं नाही.

स्वतः स्तानिस्लावस्की आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आठवणी उकरण्यापेक्षा शारीरिक क्रियांवर भर देऊ लागले होते, हेही सरांना विचारून बघ. आपल्याकडे नाट्यशास्त्रात भरताने अश्रूंना आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणांमध्ये, जागा दिली आणि सत्त्वाचं मूळ सांगितलं ते समाहित, म्हणजे एकाग्र मनात. त्या शॉटमध्ये त्या मुलाचं मन एकाग्र नव्हतं, विस्कटलेलं होतं. तुम्ही टिपलात तो एका मुलाचा शोक होता. त्याला अभिनय म्हणणं त्या मुलावरही अन्याय आहे आणि तू शिकतोस त्या विद्येवरही.

मी गेली कित्येक वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते. एका शिबिरात जत्रेत हरवलेल्या मुलाचा प्रवेश बसवत होतो. नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘ताई, खोटं रडू की खरं?’ मी म्हटलं, ‘खोटंच. पण कुणाला कळता कामा नये.’ त्याने थोडा विचार केला. मग प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला, एका हाताने शर्टाचं टोक घट्ट धरलं आणि श्वास अडकत-अडकत घेऊ लागला. खांदे हलत होते. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता आणि समोर बसलेल्या आयांचे डोळे भरून आले होते. प्रवेश संपताच तो पळत येऊन म्हणाला, ‘जमलं ना?’

मुलांना सोंग कळतं. भातुकलीत रिकाम्या कपातला चहा फुंकून पिणारं मूल आपल्यापेक्षा जास्त सराईत नट असतं. सात टेक होऊनही रडू येत नव्हतं, कारण त्याला ‘रड’ एवढंच सांगितलं जात होतं. ‘चावल्यावर पहिल्यांदा हात कुठे जाईल? कुणाला हाक मारशील? हाक मारताना श्वास कसा होईल?’ असं कुणी विचारलं असतं, तर बहुधा तिसऱ्या टेकला काम झालं असतं. आणि नसतं झालं, तरी कॅमेऱ्याला मुलाच्या अश्रूंची एवढी गरज नसते. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह या चित्रपट दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या बशीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. तुमच्या हातात एडिटिंग होतं, आवाज होता, अंधार होता, आईची धावपळ दाखवता येत होती. हे सगळं सोडून सर्वांत सोपं काय, तर आठ वर्षांच्या मुलाची आजी.

पुण्यात शिकतोस म्हणून आणखी एक आठवण करून देते. डॉ. मोहन आगाशे यांनी मुलांसाठी नाटकं करणाऱ्या बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत १९८०च्या दशकात याच शहरात आणली. त्या नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात, आणि समोर बसलेल्या मुलांना ती आपलीच वाटतात. त्या पिढीतले नट तुझ्या आसपास आहेत. त्यांना जाऊन भेट.

‘या व्हिडिओने कुणाचा तरी जीव वाचेल,’ असं तू लिहितोस. मला तुझ्याइतकंच वाटतं, की हा व्हिडिओ व्हायला हवा. २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासानुसार आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली. त्यातली बरीचशी शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी, दवाखान्यापासून लांब राहणारी. विषय मोठा आहे, शंकाच नाही. पण चांगल्या कामाला लागली म्हणून चुकीची गोष्ट बरोबर होत नाही. आणि इथे तर मला वाटतं, त्या शॉटने कामाचंही नुकसानच होतंय.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो तो साप बहुतेक वेळा मण्यार असतो. मण्यारीचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. सूज नसते, आग होत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून, किंवा घसा धरलाय, पापण्या जड झाल्यात म्हणून. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं असेल. यातच वेळ जातो. म्हणजे वाडीवरच्या मुलांना शिकवायचं असेल तर हे शिकवायला हवं, की रडारड नसली, सूज नसली तरी संशय घ्या आणि लगेच निघा. तुमच्या व्हिडिओतला मुलगा किंचाळत उठला, तर पाहणाऱ्याच्या मनात ठसेल की साप चावला म्हणजे माणूस ओरडणारच. शिवाय प्रथमोपचाराचा पहिला धडा काय? धीर द्या, चावलेला भाग कमीत कमी हलवा, बांगड्या-अंगठ्या काढा. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. सर्पदंशावरची लस (प्रतिविष) असलेल्या रुग्णालयात न्या. धीर शिकवणाऱ्या व्हिडिओत भेदरलेलं मूल सगळ्यांत लक्षात राहणार असेल, तर शाळेतली मुलं तीच भीती घेऊन घरी जातील. हे मुद्दे मनात ठेव, पुढे कामाला येतील.

‘तो लहान आहे, विसरेल ना?’

१९३१ साली हॉलिवूडमध्ये एक चित्रपट आला. त्यात काम करणाऱ्या जॅकी कूपर या आठ वर्षांच्या मुलाला रडवण्यासाठी, तुझ्या कुत्र्याला गोळी घालतो अशी धमकी देण्यात आली, आणि घातल्याचं नाटकही करण्यात आलं. दिग्दर्शक त्याच्या मावशीचा नवरा होता. मूल रडलं, शॉट झाला, मग कुत्रा जिवंत आहे असं दाखवण्यात आलं. दिग्दर्शकाला ऑस्कर मिळालं, मुलाला नामांकन. कूपर मोठे झाले, चाळीस-पन्नास वर्षं त्याच व्यवसायात राहिले आणि १९८१ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव आहे ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका. मधे पन्नास वर्षं गेली होती आणि पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना तीच दुपार आठवली.

तुझ्या मित्राचं असंच होईल असं मी म्हणत नाही. मुलं सावरतात, आणि लवकर सावरतात. पण कुणीतरी मोठं माणूस येऊन ‘ते चुकीचं होतं’ असं म्हणालं, तर त्यांना सावरणं सोपं जातं. नाहीतर मूल आपल्या परीने अर्थ लावत बसतं: मी रडलो म्हणून टाळ्या पडल्या, आजी गेली ते लोकांना आवडलं. त्या टाळ्यांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तुला जायला हवं. सरळ त्याच्या दारात जाऊन उभा राहू नकोस. आधी शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना फोन कर आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांग. बहुतेक त्यांनाही पूर्ण माहीत नसेल. त्या वेळी ते वर्गावर असतील, किंवा गर्दी आवरत असतील. मुलगा आता कसा आहे हे विचार. झोपेत दचकतो का, शाळेला यायला कुरकुरतो का, मांगराकडे जायचं टाळतो का. असं काही चालू असेल आणि आणखी दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, तर घरच्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं. तोवर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करता येतो. तिथे मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

मग आई-वडिलांशी बोल. हे तुला सगळ्यांत जड जाणार आहे, कारण ज्यांची आई किंवा सासू गेली, त्यांनाच तू सांगणार आहेस की त्यांचं दुःख शॉटसाठी वापरलं गेलं. ते चिडतील कदाचित. चिडू देत. कदाचित म्हणतील, ‘एवढं काय त्यात, बाबा.’ त्यांनी मोठ्या मनाने तसं म्हटलं, तरी तेवढ्यावर विषय मिटवू नकोस. तो शॉट व्हिडिओत राहू द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. सुरुवातीला संमतीच्या कागदावर सह्या झाल्या असतील. पण मुलाच्या आजीचा असा उपयोग होईल असं त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यांना नको असेल तर तसं त्यांनी संस्थेला लिहून कळवावं, आणि पत्र लिहायला त्यांना मदत हवी असेल तर ती तू कर.

त्यांनी हो म्हटलं, तरच मुलाला भेट. घरात किंवा अंगणात, घरचं कुणीतरी जवळ असताना. शाळेत सगळ्या पोरांसमोर नको. थोडं आणि साधं बोल: ‘त्या दिवशी मी तुला आजीची आठवण काढायला लावली. तसं करायला नको होतं. तू मला घरी सांगितलेलं मी बाकीच्यांना सांगितलं, तेही चुकलं. तू रडलास त्यात तुझं काहीच चुकलं नाही.’ एवढं पुरे. ‘मला माफ केलंस ना?’ असं विचारू नकोस. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचं समाधान करायचं काम देऊ नये. त्याला मालवणीत समजावण्याचा आव आणू नकोस, तू बोलतोस तसाच बोल. तो गप्प राहिला तर तूही गप्प बस. तो आजीबद्दल बोलू लागला तर ऐकून घे, तू होऊन विषय काढू नकोस. मोठा खाऊ, खेळणं, बॅट असलं काही नेऊ नकोस. भोवरा मात्र ने, दोरीसकट. आल्याआल्या हातात ठेवू नकोस, नाहीतर तू फक्त वस्तू परत करायला आलास असं होईल. बोलून झाल्यावर दे. आणि ‘मी दर महिन्याला येईन’ असलं काही कबूल करून येऊ नकोस. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, मग परीक्षा, मग नाटकाचे दौरे. जमणार नाही ते बोलायचंच नाही.

हे सगळं करण्याआधी, आजच, एक काम कर. एडिट पक्कं होण्यापूर्वी दिग्दर्शकांना आणि संस्थेच्या जबाबदार माणसाला एकच मेल लिही. आरोपपत्र नको. तो शॉट कसा घेतला गेला हे चार ओळींत लिही, त्यात स्वतःचा भाग लपवू नकोस. मग मागणी: मुलाच्या पालकांशी बोलणं होईपर्यंत तो क्लोजअप वापरू नये, आणि तेवढा भाग नव्याने करायचा झाला तर मी मानधन न घेता येईन. सोबत पर्यायही दे. मूल डोळे चोळत उठून ‘पोटात दुखतंय’ म्हणतं, आई कंदील जवळ आणते, पापण्या बघते. मण्यारीचा मुद्दा इथे मांड आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून पटकथा तपासून घ्यायला सुचव. ‘तुमचं चुकलं’ एवढ्याने जे दिग्दर्शक ऐकणार नाहीत, ते ‘व्हिडिओ चुकीचं शिकवेल’ म्हटल्यावर ऐकतील अशी बरीच शक्यता आहे. आणि खरंच, त्यांनीही हे दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही. सात टेक, मावळत चाललेला उजेड, संपत आलेलं बजेट. सेटवर माणसं अशीच घसरतात. संस्थेने दखलच घेतली नाही आणि पालकांची हरकत असेल, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अर्ज करता येतो. पण तो निर्णय पालकांचा, तू त्यांच्या पुढे जाऊ नकोस.

तुझ्यासारखे पुष्कळ विद्यार्थी हल्ली असे शैक्षणिक व्हिडिओ करतात, शिक्षकही मोबाइलवर करतात, म्हणून कायद्याचं थोडंसं. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७च्या नियमांनी बालकलाकारांसाठी अटी घातल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, जास्तीत जास्त पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारी एक जबाबदार व्यक्ती, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करायचं नाही. हे नियम करमणुकीच्या क्षेत्रासाठी लिहिलेले आहेत. शाळेच्या व्हिडिओला ते लागू होतात का, यावर कुणी वाद घालू शकेल. पण जाहिरातीतल्या मुलाला जेवढं संरक्षण आहे, तेवढं शाळेच्या व्हिडिओतल्या मुलाला नको, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? तुमच्या सेटवर सहा मुलं होती. त्यांच्याकडेच फक्त लक्ष द्यायचं असं काम नेमून दिलेलं एक माणूस जरी असतं, तरी मला वाटतं, त्याने तुला कानाशी जाऊ दिलं नसतं.

बाकी गोष्टी कायद्यात नाहीत, पण कराव्यात. भीतीचा किंवा दुःखाचा प्रवेश असेल तर मुलाला आदल्या दिवशीच सगळं उलगडून सांगावं: खोटा साप हातात द्यावा, कॅमेऱ्यातून बघू द्यावं, ओरडायचं कुणी आणि किती ते त्यालाच ठरवू द्यावं. भूमिकेत जाताना एखादी टोपी किंवा गमछा घालायचा आणि कट झाल्यावर तो मुलानेच काढून ठेवायचा, म्हणजे त्याच्यापुरतं नाटक तिथे संपतं. ‘बस’ म्हणायचा अधिकार त्याला द्यायचा, आणि तो खरोखर वापरला तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही. तीन-चार टेकमध्ये जमलं नाही तर मूल बदलायचं नाही, शॉट बदलायचा. आणि मुलांनी घरचं काही सांगितलं तर ते जेवणाच्या ताटावर आणायचं नाही. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर अर्थातच गप्प राहायचं नाही, पण तेव्हाही ते शिक्षकांना किंवा पालकांना सांगायचं, युनिटला नाही.

राहिलं पुढच्या महिन्याचं काम. नाही म्हणून मोकळा हो, असं मी सांगणार नाही. तुला आता जे कळलंय, ते माहीत असलेला एक माणूस त्या सेटवर असणं मुलांच्या दृष्टीने चांगलंही ठरू शकतं. पण विद्यार्थी नटाचं सेटवर किती चालतं, हे तू बघितलंयस. म्हणून जाण्याआधी विचार: मुलांची जबाबदारी कुणावर आहे, त्या माणसाचं नाव काय? पाण्याजवळ पोहता येणारं, फक्त मुलांवर नजर ठेवणारं कोण असेल? मूल पाण्यात उतरायला तयार झालं नाही तर शॉट कसा घ्यायचा, हे आधीच ठरलंय का? उत्तरं फोनवर घेऊ नकोस, मेलवर माग. नीट उत्तरं आली तर जा, आणि पहिल्या दिवशी मुलांच्या शेजारीच जेवायला बस. ‘ते सेटवर बघू,’ असं उत्तर आलं, तर त्या तारखांना कॉलेजात तालीम कर.

तुझी,
ताई